‘खाली घ्या’ म्हणणारा कॅडेट

दोन वर्षांपूर्वी आंतर-हाउस स्पर्धेच्या दिवशी नववीतला एक कॅडेट आपल्या शाळेच्या क्लायंबिंग वॉलवर अर्ध्यात थांबला आणि म्हणाला, “सर, मला खाली घ्या.” खाली दोन्ही हाउसची मुले जमली होती. दोर माझ्या हातात होता. मी मोठ्याने म्हणालो, “खाली यायला आलास का या शाळेत?” मुले हसली. तो आणखी दोन पकडी कसाबसा चढला, त्याचा हात सुटला, दोरावर लोंबकळला आणि मग मी त्याला उतरवले. लागले काहीच नाही. पण त्यानंतर तो वॉलकडे फिरकला नाही. आपण त्याला कणखर करतो आहोत, असे मला तेव्हा वाटत होते.

हा लेख बर्फावर चढायला शिकण्याविषयी आहे. पण हा प्रसंग बाजूला ठेवून तो लिहिला तर तो अर्धवट राहील.

गेल्या फेब्रुवारीत मी रजा काढून पुण्याच्या एका गिर्यारोहण क्लबच्या आठ दिवसांच्या कोर्सला गेलो. कोर्स स्पितीत होता. हिवाळ्यात तिथे ओढे आणि छोटे धबधबे जागच्या जागी गोठतात, आणि गोठलेल्या त्या भिंतींवर चढायला शिकवतात. मनालीकडून जाणारा कुंझूमचा रस्ता त्या दिवसांत बंद असतो. शिमल्याहून किन्नौरमार्गे, टप्प्याटप्प्याने मुक्काम करत जावे लागते. हे बरेच होते, कारण काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ मिळतो. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे वरचे पाणी आधी गोठते आणि सकाळी बूच उघडते, ही पहिली शिकवण. बूट, मोजे आणि बॅटरी झोपायच्या थैलीत घेऊन झोपायचे, ही दुसरी.

माझे वय चव्वेचाळीस. कॉलेजच्या वर्षांत सह्याद्रीतल्या कातळावर बरीच वर्षे काढली आहेत. वीस वर्षांपूर्वी एका संस्थेत बेसिक कोर्सही केला होता. महिनाभराचा तो कोर्स शिस्तीचा होता आणि उत्तम होता. पण बॅच मोठी असल्यामुळे बर्फाच्या भिंतीवर दिवसभरात माझी पाळी दोनदा यायची, तीही घाईत. प्रमाणपत्र मिळाले, ‘ए’ ग्रेड मिळाली, आणि ‘मला बर्फावर चढता येते’ हा समज त्यासोबत फुकट मिळाला.

तो समज पहिल्या सकाळी उतरला. कातळावर पाय ठेवताना टाच उचलायची सवय असते. चवड्यावर भार दिला की बारीक खाचही पुरते. बर्फावर उलटे असते. क्रॅम्पॉनचे पुढचे दोन दात भिंतीत रुतवून उभे राहायचे असते, आणि टाच उचलली की ते दात वरच्या बाजूला उकलून बाहेर येतात. टाच खाली ठेवली तर मागचे दातही टेकतात आणि पिंढरीवरचा ताण कमी होतो. समजायला हे वाक्य दहा सेकंदांचे आहे. पायाला समजायला मला तीन दिवस लागले. आमची मुख्य प्रशिक्षक सव्वीस वर्षांची मुलगी होती. “सर, टाच,” हे दोन शब्द तिने मला त्या आठवड्यात किती वेळा ऐकवले, याची मोजदाद नाही. शेवटी ती नुसते “सर” म्हणायची आणि माझी टाच खाली जायची.

हातांचेही तसेच. नवशिका आइस अ‍ॅक्स हातोड्यासारखी मारतो. कोपर स्थिर ठेवून मनगटाच्या झटक्याने टोक सोडायचे असते, आणि कुठे मारायचे हे आधी पाहायचे असते. बर्फाच्या फुगवट्यावर मारले तर ताटलीएवढी कपची सुटून तोंडावर येते. खळग्यात मारले तर टोक आवाज बदलून आत बसते. तो आवाज ओळखता यायला लागला की निम्मे काम झाले. पोकळ बर्फ डब्यासारखा वाजतो. घट्ट बर्फात टोक शिरले की ‘ठक्क’ असा जड आवाज येतो. मग दुसरा हात, मग दोन्ही पाय एका पातळीवर, कंबर भिंतीला चिकटलेली, आणि पुन्हा तेच. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल. चढणाऱ्याला ते तसेच वाटायला हवे, कारण बर्फावर रंगत आली याचा अर्थ बहुधा काहीतरी चुकले असा असतो.

इथे थोडा इतिहास सांगतो. क्रॅम्पॉनला पुढचे दात १९२९ च्या सुमारास इटलीच्या लोरां ग्रिव्हेल यांनी बसवले. त्याआधी तीव्र उतारावर अ‍ॅक्सने एकेक पायरी खोदत जावे लागे. १९३८ च्या जुलैत आयगर शिखराची उत्तर भिंत प्रथम चढली गेली तेव्हा हाइन्रिख हारर आणि फ्रिट्झ कास्पारेक ही जोडी पुढे होती. हाररकडे क्रॅम्पॉनच नव्हते. मागून आलेल्या हेकमायर आणि फ्योर्ग यांच्या पायात पुढचे दात असलेले नवे बारा दातांचे क्रॅम्पॉन होते, आणि पायऱ्या खोदणाऱ्या या दोघांना त्यांनी भिंतीवरच गाठले. पुढे चौघे एकत्र चढले. हारर म्हणजे तेच, जे नंतर तिबेटात राहिले आणि दलाई लामांचे शिक्षक झाले. धैर्य चौघांकडे सारखेच होते. फरक पायातल्या लोखंडाचा आणि ते वापरण्याच्या शिक्षणाचा होता. आपल्या शाळांमध्ये धैर्यावर जेवढी भाषणे होतात त्याच्या दहाव्या हिश्शानेही लोखंडावर होत नाहीत, ही माझी तक्रार आहे. आणि ती भाषणे करणाऱ्यांत मीही आहे.

कोर्सच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मी खाली उभा राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाला बिले देणार होतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचा हार्नेस, गाठ आणि कॅराबिनर हात लावून तपासायचे, नुसते बघून चालत नाही, असा नियम होता. त्याने माझ्या कॅराबिनरला हात लावला आणि म्हणाला, “सर, तुमचा गेट उघडा आहे.” खरेच, लॉक फिरवायचे राहिले होते. मला आधी राग आला, मग लाज वाटली. राग का आला, याचा मी रात्री विचार केला. वीस वर्षांत शाळेतल्या एकाही कॅडेटने माझी चूक मला तोंडावर सांगितलेली नाही. मी इतका बिनचूक नक्कीच नाही.

क्लबच्या कोर्सचा फायदा मला इथे दिसतो. तिथे हुद्दा नसतो. कुणी बँकेत असतो, कुणी डॉक्टर असते, कुणी अजून वडिलांच्या पैशावर शिकत असतो, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला यांपैकी कुणीही असू शकते. शिकवणारे बहुतेक हौसेने, सुट्टी काढून येतात. दोर आपणच वाहायचे, आपणच सुकवायचे, क्रॅम्पॉनचे दात आपणच कानसायचे. आम्ही बारा शिकणारे आणि चार शिकवणारे होतो, त्यामुळे दिवसातून सहा-सात वेळा भिंतीवर जाता येई. संध्याकाळी स्टोव्हभोवती बसून त्या दिवशी काय चुकले ते प्रत्येकाने सांगायचे, आणि शिकवणाऱ्यांनी आधी. सैन्यातल्या ‘डीब्रीफ’ची ही नक्कल आहे, हे माझ्या नंतर लक्षात आले. आपल्याकडे शाळेत तो शब्द आहे, पण बोलतो फक्त सर्वांत वरिष्ठ माणूस.

तिथे एक जुनी शिकवण मला पुसावी लागली. बर्फात स्क्रू बसवताना त्याचे डोके वर आणि टोक खाली ठेवायचे, तंबूची खुंटी जशी ओढीच्या विरुद्ध कलती ठोकतो तसे, असे मी वीस वर्षांपूर्वी शिकलो होतो. पुढे झालेल्या चाचण्यांनी दाखवले, की घट्ट बर्फात स्क्रूचे आटेच भार धरतात, आणि डोके किंचित खाली, म्हणजे ओढीच्या दिशेला कलते ठेवलेले अधिक भक्कम ठरते. वितळता बर्फ असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. एका पिढीने जे ‘असेच करायचे’ म्हणून शिकवले ते दुसरीने मोजून सुधारले. याउलट ज्यात फार बदल करावा लागला नाही असेही एक तंत्र आहे. लांब स्क्रूने बर्फात दोन तिरकी भोके अशी पाडायची की ती आत एकमेकांना मिळतील. त्यातून दोरी ओवून गाठ मारायची आणि त्या दोरीवरून उतरायचे. मागे राहते ती फक्त हातभर दोरी. हे तंत्र सोव्हिएत गिर्यारोहक आणि अभियंता विताली अबालाकोव यांच्या नावाने ओळखले जाते. १९३६ मध्ये खान तेंग्री शिखरावरच्या हिमदंशाने त्यांच्या हातापायांच्या बोटांचे भाग गेले होते. उतरण्याच्या सर्वांत विश्वासू युक्तीला ज्याचे नाव आहे त्या माणसाला उतरायला उशीर होण्याची किंमत ठाऊक होती, असे ते भोक पाडताना मनात आले.

पाचव्या दिवशी माझी पाळी आली. लीड चढण्याचा सराव होता. आपण स्वतः स्क्रू लावत चढायचे, पण सुरक्षेसाठी वरूनही एक दोर असतो. बर्फावर पुढे चढणाऱ्याने पडायचेच नसते. कातळावर पडलो तर बहुतेक वेळा दोर झेलतो; इथे पडताना पायातले दात भिंतीत अडकतात आणि घोटा मोडतो. दुसरा स्क्रू लावायला मी थांबलो तेव्हा हात बराच वेळ डोक्याच्या वर असल्याने बोटे बधिर झाली होती. स्क्रू फिरवताना तो मला दिसत होता, जाणवत नव्हता. ‘खाली घ्या’ म्हणायची ती वेळ होती. मी म्हणालो नाही. एकेचाळीस-बेचाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे रोज उभा राहणारा, क्लायंबिंग वॉलचा प्रभारी असलेला मी, खाली सव्वीस वर्षांची मुलगी आणि कॉलेजची पोरे बघत असताना ते दोन शब्द उच्चारू शकलो नाही. अ‍ॅक्स उचकटली, मी झोपाळ्यासारखा बाजूला गेलो आणि उजव्या पायातल्या दातांनी डाव्या पायावरचा गेटर, त्याखालची विजार आणि थोडी पिंढरी फाडली. वरच्या दोरामुळे एवढ्यावर निभावले. खाली आल्यावर बोटांत रक्त परत येऊ लागले. त्या कळा ज्याने सोसल्या आहेत त्याला सांगायला नको. मी अक्षरशः कण्हत होतो.

प्रशिक्षकाने पाय बांधला आणि विचारले, “हात कधी गेले?”

“स्क्रू काढायच्या आधीच.”

“मग बोलला का नाहीत?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते दोन वर्षे जुने होते आणि नववीतल्या एका मुलाकडे होते.

आता आपल्या शाळेविषयी. मुख्य इमारतीच्या जिन्यात मोहिमांचा फलक आहे. शिखराचे नाव, उंची, वर्ष, कॅडेटांची नावे. मला तो फलक आवडतो; आईवडील त्यापुढे उभे राहून फोटो काढतात, त्यात वाईट काही नाही. पण त्यावर नाव असलेल्या मुलांपैकी किती जणांना स्वतः अँकर बांधता येतो, हे मी गेल्या महिन्यात विचारले. दोर आधीच लावलेला होता, त्यावर जुमार सरकवत ती वर गेली आणि तशीच उतरली. त्यांची तंदुरुस्ती आणि जिद्द खरी आहे. पण दोर कुणी, कशाला आणि कसा बांधला होता हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. आपण मुलांना उंची दाखवतो आणि त्याला शिक्षण म्हणतो.

काही सहकारी म्हणतील, की ही सैनिकी शाळा आहे, इथे माघारीचे धडे नकोत. याचे उत्तर सैन्याच्याच इतिहासात आहे. सियाचिनवर १९८७ मध्ये सुमारे २१ हजार फुटांवरची शत्रूची चौकी घ्यायची होती. वाट बर्फाच्या उभ्या भिंतींवरून होती. मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांची गस्ती तुकडी त्या भिंतीवर गेली, दोर बांधले, आणि ते स्वतः व त्यांचे अनेक साथीदार तिथेच हुतात्मा झाले. पुढच्या महिन्यात २६ जूनला नायब सुभेदार बाना सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी ती चौकी जिंकली. त्या कारवाईचे नाव होते ‘ऑपरेशन राजीव’. बाना सिंग यांना परमवीर चक्र मिळाले हे प्रत्येक कॅडेट सांगतो. बर्फात दोर बांधणे हे एक काम होते, ते कुणीतरी आधी शिकलेले होते आणि दुसऱ्यांसाठी केलेले होते, हे मात्र आपण शिकवत नाही. आजही सियाचिनवर जाणाऱ्या जवानांना आधी बेस कॅम्पजवळच्या बॅटल स्कूलमध्ये बर्फाची भिंत चढणे-उतरणे, हिमनदीच्या भेगेतून साथीदाराला काढणे शिकवले जाते, आणि मगच चौकीवर पाठवले जाते. सैन्य धैर्यावर भरवसा ठेवून माणूस वर धाडत नाही. शाळेनेही धाडू नये.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: हे सुरक्षित आहे का? खोटे बोलणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यात सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे केली होती. निसर्ग ग्रेड पाहत नाही. गोठलेल्या धबधब्यावरचा कोर्स आणि सहा हजार मीटरच्या शिखरावरची चढाई यांत मोठा फरक आहे; पण धबधब्याच्या वरच्या उतारावर ताजा बर्फ साचला असेल तर तिथेही हिमस्खलन होते, आणि ऊन लागलेल्या भिंतीवरून बर्फाचे तुकडे सुटत राहतात. म्हणून बिले देणारा कधी चढणाऱ्याच्या थेट खाली उभा राहत नाही. तेव्हा ‘सुरक्षित आहे का’ असे विचारू नका, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. एका प्रशिक्षकामागे मुले किती, भिंतीच्या वर काय आहे, दवाखाना किती तासांवर आहे, आणि गेल्या मोसमात तुम्ही कोणत्या दिवशी भिंतीवर न जाता परत फिरलात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला पटकन देता येत नाही त्याच्याकडे मुलगा किंवा मुलगी पाठवू नका. आमच्या कोर्समध्ये तसा एक दिवस वाया गेला होता. रात्रभर बर्फ पडला आणि दुसरा दिवस आम्ही गाठी मारत आणि चहा पीत काढला. काही जण कुरकुरले. मीही.

मी प्राचार्यांकडे प्रस्ताव दिला आहे. येत्या हिवाळ्यात अकरावीचे सहा कॅडेट, मुली आणि मुले दोन्ही, अशाच एका क्लबच्या कोर्सला पाठवावेत. शिखर नाही, फलकावर नाव नाही. परत आल्यावर त्यांनी आमच्या वॉलवर इतरांना अँकर आणि बिले शिकवायचे, एवढीच अट. आणि वॉलचा एक नियम मी आधीच बदलला आहे. ‘खाली घ्या’ म्हटले की दोर धरणाऱ्याने कारण न विचारता खाली घ्यायचे, आणि हाउसचे गुण त्यासाठी कापायचे नाहीत. एका हाउसमास्टरांनी विचारले, मुले याचा गैरफायदा घेतील त्याचे काय? पहिल्या महिन्यात दोघांनी घेतलाही. तिसऱ्या आठवड्यात तेच दोघे वॉलच्या टोकाला पोचले. यावरून मी काही सिद्ध करत नाही, दोन मुलांवरून सिद्ध करायचे नसते.

नववीतला तो कॅडेट आता अकरावीत आहे. मागच्या आठवड्यात मेसमध्ये त्याला बाजूला घेऊन मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. “सर, मी विसरलो ते,” असे तो म्हणाला आणि ताट घेऊन गेला. तो विसरलेला नाही. सहा जणांच्या यादीसाठी त्याने नाव दिलेले नाही आणि मी त्याला विचारणारही नाही. हा लेख तो वाचेल की नाही, ठाऊक नाही.

ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी ते दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्याकडे लेखी द्यावे, सोबत पालकांची सही. बुटाचे माप दोन जाड मोजे घालून, संध्याकाळी घ्यावे. सकाळी पाय लहान असतो. बूट भाड्याने मिळतात, पण मोठी मापे लवकर संपतात.